इयत्ता पाचवी, गट अक्षराचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत आतल्या गावांकडे आणि कोलामांच्या वस्त्यांकडे, म्हणजे पोडांकडे वळलं, की जिल्हा परिषदेची शाळा बहुधा द्विशिक्षकी असते. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आहेत. पहिली ते पाचवी अशा पाच इयत्ता आणि शिकवणारे दोघं. म्हणजे हजेरीपटावर इयत्ता वेगळ्या असल्या तरी खोलीत त्या केव्हाच एकत्र आलेल्या असतात. तिसरी, चौथी, पाचवी एकाच फळ्यासमोर बसते. या मुलांना कोणाचं कुठलं पुस्तक हे बघून शिकवायचं, की कोणाला काय येतं हे बघून, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

मुंबईत १९९५ साली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभ्या केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने दुसरी वाट धरली. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला लावायचं. अक्षरं ओळखतो, शब्द वाचतो, परिच्छेद वाचतो की गोष्ट वाचतो, ते बघायचं आणि दिवसातला एखाद-दीड तास इयत्ता बाजूला ठेवून त्याप्रमाणे गट करायचे. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे नवं नाही. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयापासून ‘स्तर’ हा शब्द शिक्षण परिषदांत रोजचा झाला, आणि ‘निपुण भारत’ अभियान आल्यापासून ‘अध्ययन स्तर निश्चिती’ प्रत्येक शाळेच्या दप्तरात आहे. तरी हे करावं की नाही, यावर शिक्षकांचं एकमत नाही.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. एकीकडे निवृत्त केंद्रप्रमुख आहेत, दुसरीकडे पोडाजवळच्या द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षिका. माझं स्वतःचं मत मधूनमधून येईल, ते लपवायचं कारण नाही.

सर : मॅडम, पाचवीतलं पोरगं दुसरी वाचणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसवायचं, याला तुम्ही पद्धत म्हणता? शहरातल्या शाळांत अ, ब, क, ड तुकड्या असायच्या. एका चाचणीत मार्क कमी पडले म्हणून ‘ड’मध्ये गेलेलं पोरगं दहावीपर्यंत ‘ड’मध्येच राहायचं. चांगला गणिताचा मास्तर ‘अ’ला आणि नवा, शिकाऊ ‘ड’ला. तुम्ही तेच आता पोडावर आणताय.

मॅडम : तुकडी दिवसभराची असते सर, वर्षभराची असते. माझे गट साडेदहाच्या परिपाठानंतर बसतात आणि दीड तासाने उठतात. मग परिसर अभ्यास, चित्रं, खेळ, खिचडी, सगळं ज्याच्या त्याच्या इयत्तेत. आणि अक्षरगट मी स्वतः घेते, नवख्याच्या गळ्यात घालत नाही.

सर : पण गरजच काय? वर्गात बसू द्या. ऐकून ऐकून येतं.

मॅडम : येत नाही. पाचवीतल्या एका मुलाचं सांगते. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणायचा, एक शब्द चुकायचा नाही. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जायचे. एके दिवशी मी त्याच्या पुस्तकावर, ओळीच्या मधोमध बोट ठेवलं आणि म्हटलं, इथून वाच. तो गप्प. पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून म्हणायला लागला. त्याला धडा पाठ होता, वाचता एकही शब्द येत नव्हता. चार वर्षं तो वर्गात बसून ऐकतच होता, सर.

सर : अशी पोरं असतात. पण थोडी.

मॅडम : थोडी नाहीत. ‘असर’ या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल बघा. देशाच्या ग्रामीण भागात, सरकारी शाळांत, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतली मुलं ४४.८ टक्के. तिसरीत २३.४ टक्के. म्हणजे पाचवीचं पुस्तक उघडून मी शिकवायला उभी राहिले, तर निम्म्याहून जास्त मुलांसाठी मी शिकवतच नाही. ती पुढ्यात बसलेली असतात, बस.

सर : आणि गणितात?

मॅडम : गणिताचं तर बघूनच घ्या. वेचणीच्या दिवसांत एकाला तोंडी विचारलं, आईने चौतीस किलो कापूस वेचला, किलोला दहा रुपये, आधी दीडशे उचल घेतली होती, हातात किती येतील? त्याने वर बघितलं आणि सांगितलं, एकशे नव्वद. तेच पाटीवर मांडलं, ३४० वजा १५०. त्याने उत्तर लिहिलं २१०. चारातून पाच जात नाहीत, मग पाचातून चार घालवले. वरचा आकडा, खालचा आकडा, मोठ्यातून लहान वजा, एवढंच त्याला ठाऊक. याला मी पाचवीचे अपूर्णांक शिकवू? की दहा-दहा काड्यांच्या दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा हातात देऊन, तो सोडून दाखवून, त्याला येतंच आहे ते कागदावर आणायला शिकवू?

या उदाहरणापाशी मला थांबायचं आहे. त्या मुलाला गणित येत नाही असं म्हणणं खोटं आहे. वावरातला हिशेब तो करतो, त्यात शतकाची उसनवारीही मनातल्या मनात होते. त्याला येत नाही ती कागदावरची मांडणी, आणि ती तिसरीत सुटली होती. तिसरीत सुटलेली गोष्ट पाचवीचं पुस्तक पुन्हा शिकवत नाही, कारण ती येते असं गृहीत धरूनच ते लिहिलेलं असतं. गटाचा तास हवा तो या सुटलेल्या जागेसाठी.

सर : मी कायद्याचं बोलतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं, ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. पाचवीचं पुस्तक त्या पोराच्या हक्काचं आहे. पुण्याच्या पोराला जे, तेच पोडावरच्या पोराला. रोज दीड तास काढून तुम्ही पाचवीत दुसरी शिकवाल, तर त्याच्या वाट्याची पाचवी कोण देणार? पुढं शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, नवोदय आहे.

मॅडम : त्याच कलमात पुढचं पोटकलम आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याप्रमाणे लागेल ते जादा शिकवणं, हेही कर्तव्यच म्हटलंय.

सर : जादा! बदली नव्हे.

मॅडम : मान्य. म्हणून मी दिवसभर करत नाही. पण आता पाचवीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाला तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर पुन्हा पाचवीतच. त्या पोराला दुसऱ्यांदा पाचवीत बसवून काय मिळणार, जर अडलंय दुसरीत? पऱ्हाटीत जिथं बी उगवलं नाही तिथं आपण नांग्या भरतो, सर, सगळं वावर पुन्हा पेरत नाही.

सर : चांगलं बोलता. पण पुरावा?

मॅडम : पुरावा आहे. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ योजना झाली. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली मागे राहिलेल्या मुलांना रोज वर्गाबाहेर काढून मूलभूत गोष्टी शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो यांच्या गटाने ते मोजलं, आणि मुलं पुढे सरकली होती. २०१९ च्या नोबेलमागे जे काम आहे, त्यातलं हे एक. मग २०१२-१३ ला हरियाणात सरकारी शिक्षकांनीच शाळेच्या वेळेत एक तास इयत्ता मोडून गट केले, तिथंही हिंदी वाचनात फरक पडला.

सर : आणि जिथं फरक पडला नाही ते?

मॅडम : तेही सांगते. बिहार आणि उत्तराखंडात नुसतं साहित्य दिलं, त्याने काही झालं नाही. बिहारमध्ये तेच शिक्षक उन्हाळी शिबिरात हे करत होते तेव्हा मुलं शिकली, आणि शाळा सुरू झाल्यावर शिक्षक पुन्हा पुस्तकाकडे वळले. हरियाणात वेगळं काय होतं, तर तास वेळापत्रकात ठरलेला होता आणि शिक्षकांना सांगणाऱ्या पर्यवेक्षकांनी आधी स्वतः वर्गात उभं राहून ते करून बघितलं होतं.

सर : हे मात्र बरोबर. मी केंद्रप्रमुख असताना आम्हाला करून बघायला कोणी सांगितलं नाही. तक्ते वाटा आणि माहिती गोळा करा, एवढंच. पण मॅडम, माझा खरा आक्षेप अजून यायचाय. तुमच्या अक्षरगटातली नावं वाचा.

मॅडम : वाचते ना.

सर : जोरात वाचा. पोडावरची किती, बंजारा तांड्यावरची किती, पारधी बेड्यावरची किती? आणि गोष्टीच्या गटात गावठाणातली किती? ज्या शाळेत आम्ही खिचडीची पंगत एक केली, त्याच शाळेत तुम्ही रोज दीड तास गाव पुन्हा वेगळं बसवताय. बसवणारीच्या मनात वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. पण दारातून बघणाऱ्याला काय दिसतं? पोरांना काय दिसतं?

मॅडम : (थोडं थांबून) सर, ती मुलं आधीही वेगळीच बसलेली होती. मागच्या भिंतीला टेकून, उत्तरासाठी कधी हात वर न करता. फक्त त्याची यादी नव्हती.

सर : यादी झाली की शिक्का बसतो. यादी नव्हती तोवर उद्या पुढच्या ओळीत येईल अशी आशा तरी होती.

इथं मी सरांच्या बाजूचा आहे, आणि मॅडमच्याही. कोलाम, पारधी, बंजारा, आंध मुलं मागे आहेत, हे गटांमुळे घडलेलं नाही. पण गट एकदा गोठले, की शाळाच त्या अंतरावर मोहोर उठवते. गट चालतोय की नाही हे ओळखायची खूण एकच आहे. त्यातून मुलं बाहेर पडतात का? जूनमध्ये अक्षरगटात बसलेली तीच नावं दिवाळीत तिथंच असतील, तर ती शहरातली ‘ड’ तुकडीच झाली, मग तिला कोणतंही सरकारी नाव द्या. केनियातल्या पहिलीच्या वर्गांची अशी विभागणी अभ्यासली गेली, २०११ ला ते प्रसिद्ध झालं. वरच्या आणि खालच्या, दोन्ही भागांतल्या मुलांना फायदा झाला होता, कारण शिक्षकाला आपल्यासमोरच्या मुलांच्या पातळीवर शिकवता आलं. पण केनियातल्या वर्गाला पोडाचा आणि गावठाणाचा रस्ता नव्हता. आपल्याकडे तो आहे, म्हणून आपली अट अधिक कडक हवी.

मॅडम : दर पंधरा दिवसांनी मी पुन्हा वाचून घेते, सर. एकेकाला. पाच मिनिटं लागतात एका मुलाला. मार्क नाहीत, लाल पेन नाही. वर सरकला की त्याच दिवशी गट बदलतो. आणि एका मुलाची आई आली होती शाळेत. म्हणाली, “मॅडम, माहा पोरगा पाचवीत हाय न, मंग तिसरीच्या पोट्ट्यायसंगं काहून बसोला?” मी त्या मुलाला तिच्यासमोर शब्दपट्टी वाचायला लावली. आधीच्या पंधरवड्यात त्याला ‘क’ आणि ‘फ’ वेगळे कळत नव्हते. तिने ऐकलं, आणि पुन्हा तक्रार केली नाही.

सर : त्या आईला समजलं, कारण तुम्ही मराठी बोललात. पोडावरच्या आईशी काय बोलणार? तिची बोली कोलामी. आणि मुख्य म्हणजे तिच्या पोरीला मराठीची गोष्ट वाचता आली नाही, म्हणून तुम्ही तिला अक्षरगटात टाकली. तिचं डोकं मोजलं की तिची मराठी मोजली?

मॅडम : मराठी मोजली. म्हणूनच अशा मुलींच्या नावापुढे मी वेगळी खूण करते. एकीला चित्र दाखवलं, ती शेजारणीला कोलामीत दोन मिनिटं गोष्ट सांगत होती, हातवारे करत. शेजारणीने मला मराठीत सांगितली तेव्हा कळलं, गोष्टीला सुरुवात होती, शेवट होता, मधे एक भांडण होतं. तिला अक्षरं द्यायचीत, पण अर्थ तिच्याकडे आहे. ज्याला मराठी येते पण अक्षर येत नाही, त्याची गरज वेगळी आणि हिची वेगळी. दोघांना एका गटात बसवलं तरी एकच गोष्ट शिकवून भागत नाही.

सर : मग तुमचा गट मोडलाच की.

मॅडम : मोडू दे. गट मुलांसाठी आहे.

सर : बरं, हिशेब करू. दोन शिक्षक. अक्षर-शब्दाचा एक गट, परिच्छेदाचा दुसरा, गोष्टीचा तिसरा, वर पहिली-दुसरी. तिसरा गट कोण घेतं?

मॅडम : अक्षर-शब्द माझ्याकडे. परिच्छेदवाले आणि पहिली-दुसरी दुसऱ्या सरांकडे, आणि तिथं त्यांची ओढाताण होते. गोष्टीचा गट व्हरांड्यात बसून स्वतः वाचतो, मी मधेच जाऊन प्रश्न विचारून येते.

सर : म्हणजे हुशार पोरं वाऱ्यावर.

मॅडम : थोडीफार, हो. तो तोटा आहे, नाही म्हणत नाही.

या कबुलीला कोणत्याही प्रशिक्षणात जागा मिळत नाही, पण द्विशिक्षकी शाळेचं वास्तव हेच आहे. व्हरांड्यात बसलेल्या त्या पाच-सात मुलांना वाचायला काय मिळतं? शाळेच्या पेटीत कुलूपबंद गोष्टींची पुस्तकं असतील, तर ती बाहेर काढून त्यांच्या हातात दिलीच पाहिजेत. पुस्तकं फाटतील या भीतीने पेटी बंद ठेवणारी शाळा हा तास घेऊ शकत नाही. आणि तिसरा माणूस हवा असेल तर तो गावातच शोधावा लागेल. ‘बालसखी’ वस्तीतूनच आल्या होत्या. यवतमाळच्या पोडांवर बारावी झालेल्या, कोलामी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या मुली आहेत. त्यांना मानधन देऊन या एका तासापुरतं शाळेत आणलं, तर वर सरांनी काढलेला भाषेचा प्रश्नही अर्धा सुटतो.

सर : मला एक गोष्ट सांगायची राहिली. मी वर्षानुवर्षं केंद्रातली माहिती गोळा करून पंचायत समितीत दिली. ‘शंभर टक्के प्रगत’ म्हणून शाळा जाहीर व्हायच्या. स्तर वर सरकलेला दिसला पाहिजे असा वरून रेटा आला, की कागदावर पोरं रातोरात परिच्छेदात जातात. तुम्ही खरं लिहिलंत, तर तुमची शाळा मागे दिसते. खोटं लिहिणारा शेजारी पुढे. सांगा, किती दिवस खरं लिहाल?

मॅडम : २०२५ च्या मार्चमध्ये दुसरी ते पाचवीसाठी जो कृती कार्यक्रम आला, त्यात चावडी वाचन आलं. गावासमोर मुलांनी वाचायचं. म्हणजे कागद खोटा असला तर गावाला कळेल.

सर : आणि ज्याला येत नाही त्या पोराचं काय होईल चावडीवर?

मॅडम : त्याला मी चावडीवर उभं करणार नाही. चावडीवर यावं माझं वेळापत्रक, की अमुक तासाला हा गट, आणि गेल्या महिन्यात यातून इतकी मुलं पुढे गेली. हिशेब शिक्षकाचा घ्यावा, मुलाचा नको.

सर : (हसून) हे तुम्ही शिक्षण परिषदेत म्हणा. मी नाही म्हणू शकलो.

मॅडम : शेवटचं एक. महागाव, पुसद, उमरखेडकडच्या तांड्यांवरून दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं जातात. हंगामी वसतिगृहात सगळीच मुलं राहत नाहीत. गुढीपाडव्याच्या आसपास पोरगी परत येते, तोवर वर्ग आठ-दहा धडे पुढे गेलेला. इयत्तेच्या हिशेबाने ती आता कायमची मागे. माझ्या तासात ती जिथं सोडून गेली होती, तिथं येऊन बसते. शब्दांवर होती, शब्दांपासून सुरू. पुढच्या पंधरवड्यात परिच्छेद. तिच्यासाठी इयत्ता काय आहे, सर? ती असताना चालू असते, ती नसतानाही चालूच असते.

सर : त्या पोरीसाठी तुमचं ऐकतो. पण माझं एक ठेवा. तिचं पाचवीचं पुस्तक तिच्या दप्तरात राहू द्या. ते काढून घेऊ नका.

सरांचा हा शेवटचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. दीड तास तिच्या पायरीवर आणि उरलेला दिवस तिच्या इयत्तेत, यात विरोध नाही. ही विभागणी दिवसभराची झाली, की सरांचं म्हणणं खरं ठरतं. आणि ती अजिबात केली नाही, की बोटाखालचा शब्द न वाचता येणारी मुलं पाचवी ओलांडून सहावीत जात राहतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं आणि ‘निपुण भारत’ २०२१ मध्ये, तेव्हा तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं असं ठरलं, त्यासाठी ‘निपुण भारत’मध्ये २०२६-२७ हे साल ठेवलं गेलं. यवतमाळच्या पोडांवर हे व्हायचं, तर दर पंधरा दिवसांनी एकेका मुलाला जवळ बसवून ऐकणारा शिक्षक लागेल, आणि त्या शिक्षकाला माहितीच्या तक्त्यांतून सोडवणारा अधिकारी लागेल.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला जाल, तेव्हा दोनच गोष्टी विचारा. अक्षरगट कोण घेतं, आणि मागच्या सभेपासून त्या गटातली कोणती मुलं बाहेर पडली? उत्तरात आकडा नको, मुलांची नावं मागा.